बॉयलरवाल्याला विचारायचा प्रश्न: कशावरून?

सासूबाई नाशिकहून आल्या आणि तिसऱ्याच दिवशी आमचं हीटिंग बंद पडलं. जानेवारी महिना, लंडनजवळच्या स्लाऊमधलं १९३० च्या सुमाराचं जुनं घर, बाहेर उणे दोन. स्वेटरवर शाल आणि शालीवर माझा ओव्हरकोट अशा अवतारात त्या स्वयंपाकघरात बसलेल्या. बॉयलरचा, म्हणजे गॅसवर पाणी तापवून घरभरच्या रेडिएटरांत फिरवणाऱ्या यंत्राचा, प्रेशरचा काटा शून्यावर. शोधल्यावर सगळ्यात वर जो नंबर दिसला तो मी फिरवला. दीड तासात एक जण आला. त्याने पुढचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला, जिभेने ‘च्च’ केलं आणि चार मिनिटांत निकाल दिला: हीट एक्स्चेंजर (ज्वाळेची उष्णता पाण्याला देणारा भाग) गेलाय, सगळ्या पाइपांत गाळ आहे, बॉयलर नऊ वर्षांचा झालाय, आता यात पैसे घालू नका. नवा बॉयलर आणि पॉवरफ्लश, म्हणजे पाइपांची सफाई, मिळून ३,४०० पाउंड, आज हो म्हणालात तर २०० कमी.

मी हो म्हणणारच होते. थंडीने डोकं चालत नव्हतं, आणि माणूस गणवेशात होता. तेवढ्यात सासूबाईंनी मराठीत विचारलं, “एवढं सगळं कशावरून म्हणतोय तो?”

मी तो प्रश्न इंग्रजीत करून विचारला. त्याचं उत्तर होतं, “वीस वर्षांचा अनुभव.” मग मी नवऱ्याशी बोलून सांगते म्हटलं आणि त्याचे येण्याचे ९० पाउंड दिले. रात्र आम्ही एकाच खोलीत एका इलेक्ट्रिक हीटरभोवती काढली.

दुसऱ्या दिवशी एक वयस्कर इंजिनिअर आला. झाकणाला हात लावण्याआधी त्याने मलाच विचारलं, हीटिंग चालू असताना काटा कुठपर्यंत जातो? मला आठवलं, आदल्या आठवड्यात तो तीनच्या जवळ, लाल पट्ट्यात दिसला होता. “चला बाहेर,” म्हणाला. भिंतीतून एक तांब्याची बारीक नळी बाहेर येऊन तोंड भिंतीकडे वळवून बसलेली असते. सहा वर्षं त्या घरात राहूनही मी ती पाहिली नव्हती. तिच्या खाली विटांवर हिरवट ओघळ, आणि जमीन ओली. मग आत येऊन त्याने बॉयलरमधल्या लाल, चपट्या डब्यावरचा एक व्हॉल्व्ह दाबला. गाडीच्या ट्यूबला असतो अगदी तसा. फुस्स व्हायला हवं होतं. काहीच झालं नाही.

त्या डब्याला एक्स्पान्शन व्हेसल म्हणतात. आत रबरी पडदा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रेडिएटरचं पाणी. पाणी तापलं की फुगतं, आणि फुगलेल्या पाण्याला जागा मिळावी म्हणून ती हवा दबते. वर्षानुवर्षांत हवा झिरपून गेली की पाण्याला जायला जागा उरत नाही. मग प्रेशर तीन बारपर्यंत चढतं, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी त्या तांब्याच्या नळीतून बाहेर फेकलं जातं. हीटिंग थंड झालं की काटा शून्यावर. आपण पुन्हा पाणी भरतो, पुन्हा तेच. त्याने बॉयलरमधलं पाणी सोडलं, साध्या पायपंपाने डब्यात हवा भरली, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला, कारण तो एकदा उघडला की कचरा अडकून नीट बसत नाही. सव्वा तास, १४५ पाउंड. तो ‘गेलेला’ बॉयलर त्यानंतर सहा वर्षं चालला.

तेव्हापासून ओळखीच्या मराठी घरांत बॉयलर बिघडला की फोन मला येतो. मी हिशेबनीस आहे, इंजिनिअर नाही. बॉयलरचं झाकण मी स्वतः कधीही उघडत नाही आणि तुम्हीही उघडू नका. बऱ्याच बॉयलरांत ते झाकण म्हणजेच ज्वलनाच्या जागेचं सील असतं. मी करते ते एवढंच: माणूस येण्याआधी काय बघून ठेवायचं आणि तो बोलू लागला की काय विचारायचं, ते सांगते.

फोन करण्याआधी

काटा दोनदा बघा. सकाळी हीटिंग चालू होण्याआधी एकदा, आणि तासभर चालल्यावर एकदा. थंड असताना एक ते दीड बार ठीक. दोन्ही वेळचे फोटो काढा, वेळेसकट. थंडपणी एकच्या खाली असेल तर बॉयलरखाली चांदीसारखी विणलेली एक लवचीक नळी शोधा, बहुतेक घरांत ती असते. तिच्या टोकांचे व्हॉल्व्ह हळूच उघडायचे, काटा सव्वावर आला की बंद. कसं करायचं ते बॉयलरच्या पुस्तकात चित्रासकट असतं. एवढ्यासाठी ९० पाउंड देणारे लोक मला माहीत आहेत, मीसुद्धा एकदा दिलेत.

काटा सारखा उतरत असेल तर बाहेरच्या तांब्याच्या नळीच्या तोंडाला फ्रीजरची पिशवी रबरबँडने रात्रभर बांधा. सकाळी पिशवीत पाणी असेल तर गळती त्या व्हॉल्व्हमधून आहे. पिशवी कोरडी असेल तर शोध दुसरीकडे. आमच्या शेजारीणबाईंनी कुंपणावरून बघून “हे तुमच्याकडचं काही धार्मिक आहे का?” असं विचारलं होतं, तेवढी तयारी ठेवा.

कडाक्याच्या थंडीत बॉयलर अचानक थांबला आणि आतून गुळगुळ आवाज येत असेल तर बाहेरची प्लास्टिकची पांढरी नळी बघा. १ एप्रिल २००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये नवे गॅस बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचेच बसवावे लागतात, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करणारे. ते पाणी या नळीतून जातं आणि नळी उघड्यावर असेल तर गोठतं. डिसेंबर २०१० च्या थंडीत तर देशभर हेच झालं होतं. गरम पाण्याची पिशवी नळीवर धरा किंवा कोमट पाणी ओता. उकळतं नको. बर्फ सुटला की रिसेटचं बटण. या बिघाडावर कोणी सर्किट बोर्ड बदलायला सांगू लागलं तर आधी नळीचा विषय काढा.

कोणाला बोलवायचं

गॅसचं काम करणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे हे काम करायची परवानगी असलेल्यांच्या अधिकृत यादीत, असायलाच हवा. १ एप्रिल २००९ पासून हेच रजिस्टर चालतं. त्याआधी कॉर्गी होतं, आणि कोणी अजून कॉर्गीचं नाव मिरवत असेल तर तो सोळा-सतरा वर्षं मागे आहे. ओळखपत्र मागायला संकोच करू नका. पुढे फोटो आणि नंबर, मागे त्याला कुठली कामं करता येतात ते. मागची बाजू कोणी बघत नाही, तीच बघा, तारखेसकट. नंबर रजिस्टरच्या साइटवर टाकून पडताळता येतो.

पण हेही लक्षात असू द्या की ३,४०० सांगणाऱ्या त्या पहिल्या माणसाकडेही हे कार्ड होतं, आणि अगदी खरं. कार्डावरून एवढंच कळतं की तो तुमचं घर उडवणार नाही. प्रामाणिक आहे की नाही हे कार्डावर छापत नाहीत. मी स्वतः दुरुस्तीवर पोट असलेला माणूस शोधते. ज्याच्या व्हॅनवर ‘नवा बॉयलर हप्त्यांवर’ असं मोठ्ठं लिहिलंय, त्याला नऊ वर्षांचा बॉयलर म्हातारा दिसणारच.

फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या: येण्याचे किती, त्यात किती वेळ धरलाय, आणि व्हॅट धरून का. लक्षणं सांगा, निदान सांगू नका. “पंप गेलाय वाटतं” म्हटलंत की पंपच गेलेला निघतो.

माणूस बोलू लागला की

माझा प्रश्न एकच. इंग्रजीत तो असा विचारते: “वॉट डिड यू टेस्ट, अँड वॉट वॉज द रीडिंग?” गोड आवाजात, हातात चहाचा कप देत. उत्तरात आकडा यावा, किंवा तुम्हाला डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी. “वय झालंय”, “अशा मॉडेलांना हे होतंच”, “हिवाळाभर टिकणार नाही” हे अंदाज झाले, तपासणी नव्हे.

हीट एक्स्चेंजर गळतोय म्हणाला तर विचारा, बॉयलरच्या खालचे व्हॉल्व्ह बंद करून पाहिलं का? बॉयलर रेडिएटरांपासून तोडून तासन्‌तास ठेवला आणि तरी त्याचा काटा उतरला, तर गळती बॉयलरमध्ये. नाही उतरला तर फरशीखालच्या पाइपात किंवा एखाद्या रेडिएटरच्या जोडावर. आमच्याकडच्या पहिल्या माणसाने यातलं काहीच केलं नव्हतं, आणि करणार तरी कसं, चार मिनिटांत?

आंघोळ करताना पाणी गरम-गार, गरम-गार होत असेल तर टेम्स खोऱ्यातल्या आपल्या जड पाण्याचा क्षार प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये बसलेला असू शकतो. हा नळाचं पाणी तापवणारा वेगळा, छोटा भाग. नावात ‘हीट एक्स्चेंजर’ आहे म्हणून मोठ्याची किंमत ऐकून घाबरू नका. कुठला, प्लेट की मुख्य, ते विचारा.

‘याचे पार्ट आता मिळत नाहीत’ हे दर हिवाळ्यात ऐकू येणारं वाक्य. बॉयलरवरच्या पट्टीवर जीसी नंबर, म्हणजे त्या मॉडेलचा ओळख क्रमांक असतो, कॉम्बी (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही टाकीशिवाय देणारा) असेल तर ४७ ने सुरू होणारा. तो नंबर आणि भागाचं नाव टाकून तुम्हीच शोधा, त्याच्यासमोरच. पाचातल्या तीन वेळा मला तो भाग दुसऱ्या दिवशी पोचणारा सापडलाय. उरलेल्या दोन वेळा माणूस खरं बोलत होता. आणि ‘गॅस बॉयलरवर बंदी येतेय, आत्ताच बदला’ म्हणाला तर शांत राहा. घरात चालू असलेला गॅस बॉयलर काढून टाका असा कायदा इथे नाही.

पॉवरफ्लश

याच्यावर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे उडतात. पॉवरफ्लश म्हणजे यंत्र लावून सगळ्या रेडिएटरांतून जोरात पाणी आणि रसायन फिरवून काळा गाळ काढणं. दिवसभराचं काम, पाचशे पाउंडांच्या आसपास किंवा वर. गाळ खरा असतो. रेडिएटर आतून गंजतात, आणि तो गंज म्हणजे मॅग्नेटाइट, चुंबकाला चिकटणारी काळी पूड. पण रेडिएटर गार आहे म्हणजे गाळच आहे, असं नव्हे.

हाताने तपासा. वर गार, खाली गरम असेल तर आत हवा आहे. हीटिंग बंद करून थंड होऊ द्या, छोट्या चावीने वरच्या कोपऱ्यातला स्क्रू पाव फेरा सैल करा, खाली फडका धरा, फुसफुस संपून पाणी आलं की बंद. मग काटा बघा, हवा गेली की प्रेशर थोडं उतरतं. खाली मध्यभागी गार आणि वर-कडेला गरम, तर गाळ. एकच रेडिएटर अख्खा गार, बाकी सगळे झकास, तर बहुधा त्याच्या थर्मोस्टॅटच्या टोपीखालची पिन अडकलेली. उन्हाळाभर बंद ठेवले की त्या अडकतात. टोपी काढून पिन हळूच खाली दाबली की ती पुन्हा वर उडी मारायला हवी. बॉयलरपासून लांबचे रेडिएटर कोमट आणि जवळचे भाजणारे, तर पाणी नीट वाटलं जात नाहीये, त्याला बॅलन्सिंग करतात आणि त्यात फक्त स्पॅनर आणि चिकाटी लागते.

एकाच रेडिएटरमध्ये गाळ असेल तर तो काढून बागेत नेऊन नळीने धुता येतो. माझ्या मैत्रिणीकडे हॉलमधल्या एका रेडिएटरसाठी ६५० पाउंडांचा पॉवरफ्लश सांगितला होता. दुसऱ्याने तो रेडिएटर उचलून अंगणात धुतला. तिची लॉन आठवडाभर काळी होती, बिल ११० पाउंड.

नवा बॉयलर बसवताना मात्र जुने पाइप साफ करून घ्यावेच लागतात, ब्रिटिश स्टँडर्ड ७५९३ मध्ये ते आहे आणि उत्पादकही वॉरंटीसाठी तेच सांगतात. तिथे कोटेशनमध्ये सफाई दिसली तर भांडू नका. उलट नसेल तर विचारा.

आणि इथे माझी एक चूक सांगते. त्याच बॉयलरच्या वार्षिक सर्व्हिसिंगला एक पोरगेला इंजिनिअर आला होता. त्याने रेडिएटरमधलं थोडं पाणी काचेच्या ग्लासात काढलं. काळं, आपल्या कोऱ्या चहासारखं. ग्लासाला बाहेरून चुंबक लावला तर सगळा काळेपणा त्या बाजूला सरकला. “मॅग्नेटिक फिल्टर आणि पाण्यात इनहिबिटर, १८० पाउंड,” म्हणाला. इनहिबिटर म्हणजे गंज रोखणारं रसायन. मी तोवर ‘कशावरून’वाली बाई म्हणून ओळखीत प्रसिद्ध झाले होते. मी ताठ्यात नको म्हटलं. दुसऱ्या हिवाळ्यात पंप त्याच काळ्या चिखलाने अडकला, ३१० पाउंड. त्या पोराने ‘कशावरून’चं उत्तर ग्लासात घालून हातात दिलं होतं, आणि मी प्रश्न विचारण्यातच खूश होते.

धोक्याचा कागद

सगळ्यात अवघड जागा ही. “बॉयलर असुरक्षित आहे, मी बंद करतोय,” असं कोणी म्हटलं की पोटात गोळा येतो, घरात लहान मूल असेल तर जास्तच. इथे हुज्जत घालू नका, पण कागद मागा. गॅसच्या धोक्याच्या दोन पायऱ्या आहेत, ‘ॲट रिस्क’ आणि ‘इमिजिएटली डेंजरस’. दोन्हींत लेखी नोटीस द्यावी लागते, त्यात नेमका दोष काय ते लिहावं लागतं. दुसरी पायरी असेल तर ऐका, बॉयलर वापरू नका, मग बाकीचं बघू. तोंडी धोका आणि लगेच नव्या बॉयलरचं कोटेशन, मधे नोटीस नाही, असं झालं की मला शंका येते. आजच्या नियमांप्रमाणे नाही, एवढ्यावर बॉयलर धोकादायक ठरत नाही. बसवला तेव्हाच्या नियमांत होता आणि सुरक्षित चालतोय, तर चालतोय.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल बोलत असेल तर ॲनलायझरची छापील पट्टी मागा. धुराच्या नळीत यंत्राची काडी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांचं गुणोत्तर काढतात. कंडेन्सिंग बॉयलरला ते साधारण ०.००४ च्या आत लागतं, उत्पादकाने वेगळं दिलं असेल तर तो आकडा धरायचा. आमच्या वयस्कर इंजिनिअरने ती पट्टी न मागता बॉयलरच्या पुस्तकात चिकटवली होती.

गॅसचा वास आला, किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तर मात्र कसले प्रश्न विचारत बसू नका. खिडक्या उघडा, जमत असेल तर मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करा. तो फोन चोवीस तास चालतो आणि फुकट आहे.

पैसे आणि कागद

मोठं काम असेल तर दुसरं कोटेशन घ्याच. दुसऱ्याला पहिल्याचा आकडा किंवा निदान सांगू नका. मी एकदा सांगितलं आणि दुसऱ्याने शंभर पाउंड कमी करून तेच काम लिहून दिलं. ‘आजच हो म्हणा’ची सूट मी आता ऐकतच नाही. बदललेला जुना भाग इथेच ठेवून जा म्हणा, वॉरंटीत परत पाठवायचा नसेल तर.

घरी येऊन केलेल्या करारावर बहुतेक वेळा १४ दिवसांत रद्द करण्याचा हक्क असतो, ग्राहक करारांच्या २०१३ च्या नियमांनुसार. तातडीच्या दुरुस्तीसाठी तुम्हीच बोलावलं असेल तर त्या दुरुस्तीला तो लागू नाही. पण त्याच भेटीत त्याने वरून गळ्यात मारलेल्या जादा कामाला लागू आहे. अनेकांना हा फरक माहीत नसतो, विकणाऱ्यालाही. काम नीट केलं नसेल तर ग्राहक हक्क कायदा २०१५ आहे, आणि तक्रार सिटिझन्स ॲडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनकडे करायची. गॅस सेफ फक्त सुरक्षिततेचं बघतं, किंमत जास्त लावली म्हणून तिथे गेलात तर ते हात वर करतील.

भाड्याने राहत असाल तर यातलं बरंचसं तुमच्या डोक्याला तापच नाही. हीटिंग आणि गरम पाणी दुरुस्त ठेवणं घरमालकाचं काम, इंग्लंडमध्ये १९८५ च्या भाडेकरू कायद्याने, वेल्समध्ये २०१६ च्या. दरवर्षी गॅसची तपासणीही त्यानेच करून घ्यायची आणि त्याचा कागद तुम्हाला २८ दिवसांत द्यायचा. नवीन राहायला जाताना तर आधीच. इंजिनिअर तुमच्याकडे बघून “एवढं करून घ्या” म्हणाला तर त्याला मालकाचा नंबर द्या, काट्याचे दोन्ही फोटो मालकाला पाठवा, आणि स्वतःचं कार्ड पाकिटातच राहू द्या.